समोर कोणी नाही

“यकृताच्या डाव्या बाजूला,” एवढंच म्हणून डॉक्टर गप्प झाले. पंखाही गप्प झाला. वीज गेली होती, आणि तिच्या पाठोपाठ लॅपटॉप पुन्हा झोपला होता. बॅटरी काठोकाठ भरलेली असताना.

टायपिस्टने कानातला इअरफोन काढून टेबलावर आपटला. ती डॉक्टरांची रेकॉर्डिंगं ऐकून रिपोर्ट टाइप करायची. मशीन झोपलं की ऑफिसशी जोडणी तुटायची आणि अर्धा रिपोर्ट पाण्यात जायचा. महिन्यात हे सहाव्यांदा झालं. आणखी एकदा उशीर झाला तर काम दुसऱ्या कोणाला देऊ, असं ऑफिसने गोड आवाजात सांगून ठेवलं होतं. हे काम मिळायला तिला चार वर्षं लागली होती.

लॅपटॉप जुनाच. पडदा फुटलेला, बिजागरी तुटलेली, म्हणून दुकानदाराने निम्म्या किमतीत दिला. आपण गिऱ्हाईक गंडवलं असं त्याला वाटलं, आपण दुकानदार गंडवला असं तिला. झाकण कायमचं मिटून तिने तो फळीवर सरकवला, वेगळा कीबोर्ड मांडीवर घेतला आणि कामाला लागली. झाकण मिटलं तरी झोपायचं नाही, असं सेटिंगमध्ये बजावून ठेवलं होतं. चार्जर चालू असेतो मशीन निमूट ऐकायचं. वीज गेली की सगळं धाब्यावर.

मशीन कधी जागं ठेवायचं, कधी झोपवायचं, बॅटरी कशी जपायची, हे ठरवणारी एक सर्व्हिस, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, आत बसलेली असते. ही सर्व्हिस कोणा कंपनीची नव्हती. ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेली, कोड सगळ्यांना खुला. चूक सापडली तर कोणीही दुरुस्ती पाठवावी. ती घ्यायची की नाही, हे मात्र देखभाल करणारा ठरवणार. तो ‘घुबड’ या नावाने लिहायचा.

तीन आठवडे ती कानात इअरफोन घालून कोड ओळीओळीने उकलत बसली. सर्व्हिस काय काय करते त्याची नोंद व्हावी म्हणून तिने जागोजागी खुणा पेरल्या, मग चार्जरची पिन उपसली, खुपसली, पुन्हा उपसली, पन्नास वेळा. शेवटी चोर सापडला. बॅटरीवर आली की सर्व्हिस मालकाचं सेटिंग विचारतच नव्हती. झाकण मिटलंय? दुसरा पडदा जोडलेला नाही? मग झोप. त्या ओळीच्या डोक्यावर घुबडाने स्वतः टीप लिहून ठेवली होती: ‘झाकण बंद, पडदा नाही. समोर कोणी नाही.’

“मग मी कोण, भूत?” ती मोठ्याने म्हणाली.

तिने तक्रार नोंदवली आणि सोबत चार ओळींची दुरुस्ती पाठवली. घुबडाने वाटाण्याच्या अक्षता लावल्या. ही चूक नाही, हे शहाणपण आहे, असं त्याचं म्हणणं. असं मशीन बॅगेत असतं, जागं राहिलं तर तापून मरेल. झाकण मिटून, पडद्याशिवाय, जगात कोणी काम करत नाही. आणखी एकाने मध्येच नाक खुपसून, बाई थट्टा करताहेत का, असं विचारलं. तक्रार बंद झाली. तिने पुन्हा उघडली. पुन्हा बंद झाली. असं तीनदा झालं.

तिच्या स्वतःच्या मशीनवर दुरुस्ती छान चालत होती. पण नवी आवृत्ती आली की ती पुसली जायची, आणि नवी आवृत्ती घेतल्याशिवाय ऑफिसचं पान उघडायचं नाही. पुढची आवृत्ती सोमवारी यायची होती. म्हणजे हातात चार दिवस.

धाकटा भाऊ दुपारी खोलीत आला तो थेट स्टुलावर धडकला. उन्हासाठी खिडक्या गच्च लावलेल्या, त्यात वीज गेलेली. दिवसाढवळ्या माणसं मरायची या घरात, असं पुटपुटत त्याने मोबाइलचा टॉर्च लावला. तक्रार तिसऱ्यांदा बंद झाल्याचं कळल्यावर तो गुडघा चोळायचाही थांबला.

“ताई, एकदा सांगून टाक ना त्यांना. हात जोडून घेतील.”

“म्हणूनच सांगत नाही. कीव आली म्हणून घेतलेली दुरुस्ती पुढच्या वर्षी कोणीतरी काढून टाकेल. मशीन माझं, सेटिंग माझं. त्याने माझं ऐकायला हवं, एवढं कारण पुरे आहे.”

भावाने हात टेकले.

चौथ्या वेळी तिने वाद घातला नाही. पन्नासच्या पन्नास नोंदी जोडल्या. प्रत्येकीत वर ‘झोपू नको’, खाली ‘झोपलो’. शेवटी एवढंच विचारलं, की मालकाने नको म्हटलेलंच करायचं असेल तर सेटिंग ठेवलंत कशाला? असं काम करणारा माणूस दाखवाच, असा घुबडाचा हेका होता. म्हणून दुसऱ्या दिवशी वीज जाताच तिने भावाचा मोबाइल तांब्याला टेकवून ठेवला, दुरुस्त केलेल्या मशीनवर अख्खा रिपोर्ट टाइप केला आणि व्हिडिओ पाठवून दिला.

उत्तर शनिवारी आलं. मशीनने ते तिच्या कानात वाचून दाखवलं: “नोंदी तपासल्या. तुमचं बरोबर, माझं चूक. दुरुस्ती घेतली आहे, सोमवारच्या आवृत्तीत येईल. व्हिडिओत मात्र नुसता काळोख आणि कीबोर्डची टकटक आहे. दिवा लावायला विसरलात वाटतं.”

ती इतकी हसली की भाऊ आतून धावत आला. आता कोणाकडे काही मागायचं उरलं नव्हतं. पण घुबडाची ती जुनी टीप कोडमध्ये अजून तशीच होती. तिने लगेच आणखी एक दुरुस्ती पाठवली, एका ओळीची, फक्त टीप बदलणारी:

‘झाकण बंद, पडदा नाही. समोरची बाई आंधळी आहे, गैरहजर नाही.’