काडेकिराइताचे तीन थेंब

"मान वर करून बोल रे," देवराम गुरुजी म्हणाले. "वर्गातही असाच बोलायचास. पायाच्या अंगठ्याशी."

आदेशने मान वर केली. "पानी जास्त झालं, गुरुजी. रंग फिका पडला."

"मग? चुकलं की काय करायचं?"

"पुसायचं. परत लिवायचं."

गुरुजींनी ग्लास खिडकीतून अळूच्या वाफ्यात रिकामा केला, फडक्याने पुसला आणि टेबलावर ठेवला. दुपारपासूनचा हा चौथा. त्यांनी खुर्चीची पाठ धरून गुडघा जरा सैल केला.

व्हिस्कीच्या जागी कोरा चहा होता, गाळून थंड केलेला. ओल्ड फॅशन्ड नावाच्या या व्हिस्कीच्या पेयात बिटर्स नावाचा कडू अर्क घालतात. त्याच्या जागी काडेकिराइताचा काढा, कानाच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत. माप म्हणून खोकल्याच्या औषधाचं टोपण. ढवळायला लोणच्याच्या बरणीतला लांब दांड्याचा चमचा. बर्फ शेजारच्यांच्या फ्रिजमध्ये वाटीत लावून घेतला होता, एकेक मोठा खडा.

खरी दारू आणायचा प्रश्नच नव्हता. गुरुजींनी आयुष्यात थेंब चाखलेला नव्हता. दर सव्वीस जानेवारीला ते झेंड्याखाली सातवीच्या वर्गाकडून दारू न पिण्याची शपथ घेववत. आदेशने घेतलेली शपथ अजून मोडली नव्हती.

"वही," गुरुजी म्हणाले.

आदेशने वही उघडून समोर धरली. सगळी कृती गुरुजींच्याच वळणदार अक्षरात उतरवलेली होती, क्रमांक घालून, खाली तांबड्या शाईची रेघ मारून.

"साखरेचा खडा एक. त्यावर कडू थेंब तीन. तीनच का?"

"दोन कळत नाय, चार गिळत नाय."

"शाब्बास. मग चमचाभर पाणी. साखर चिरडायची, पण ग्लास चिरडायचा नाही."

परीक्षा उद्या सकाळी दहाला होती. सिद्धगडाकडे जाणाऱ्या वाटेवर नवं रिसॉर्ट झालं होतं. तिथला मालक स्वतः समोर बसणार होता आणि एकच पेय करायला सांगणार होता, ओल्ड फॅशन्ड. जमलं तर बारवरची नोकरी. नाही जमलं तर दारात आणखी सहाजण उभे होते.

"मालक बोलतो, बाकी काय बी चालंल, पिनारा नको," आदेश म्हणाला. "आधीचे दोघं काउंटरमागंच आडवे झाले."

"म्हणजे अर्धे गुण दारातच मिळाले."

गुरुजींची बायको शकूकाकी गवताचा भारा ओट्यावर टाकून आत आली. पदराने मान पुसत तिने टेबलाकडे बघितलं.

"अजून चाललंय? अख्ख्या किन्हवलीत बाया गोळा करून गुत्ता बंद पाडलात, नि आता माझ्या घरात बार काढलात."

"चहा आहे गं."

"चहाच तर. कपात ओतला असता तर मी पन प्याले असते." ती खाली टेकली आणि पाय लांब केले. मग हसणं आवरून विचारलं, "लागंल का रं आदेश, नोकरी?"

"लागंल, काकी. एवढं एक जमलं का लागंल."

"नाय लागली तर परत कोन बोलावनार नाय."

गुरुजींची शाळा बंद पडून दोन वर्षं झाली होती. पटावर अकरा मुलं उरली, मग चार, मग कुलूप. विनाअनुदानित शाळेतून गुरुजींनी तेवीस वर्षांत घरी आणलं ते खडूचं खोकं आणि हजेरीची एक जुनी वही.

"आता पुन्हा," गुरुजी म्हणाले.

साखर. तीन थेंब. पाणी. दोन टोपणं चहा. बर्फाचा खडा सावकाश सोडला. चमचा काचेला लागून फिरायला लागला. टण्ण.

"बर्फ बोलला," आदेश हळूच म्हणाला.

"बर्फ बोलता कामा नये. वर्गासारखं. मास्तर फिरतोय हे कळलं पाहिजे, पण पावलं ऐकू यायला नकोत."

गुरुजींनी मनगट सैल केलं. कोपर टेबलाला टेकवलं. मोजून तीस फेरे. यावेळी आवाज आला नाही. शकूकाकीसुद्धा श्वास रोखून बसली होती. मग संत्र्याची साल, आतला पांढरा भाग खरवडून काढलेली. ग्लासवर धरून पिळली. वास खोलीभर पसरला.

आदेशने ग्लास उजेडात धरला. रंग निरखला.

"जमलं," तो म्हणाला. "गुरुजी, जमलं."

गुरुजी खुर्चीत बसले. दमले होते. वही मिटून त्यांनी कपाळ पुसलं.

"काकी, तोंड गोड करा," म्हणत आदेशने ग्लास तिच्या हातात दिला. तिने घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाली, "लोक याच्यासाठी घरं बुडवतात?"

शेवटची एसटी चुकवायची नव्हती. आदेशने पिशवी उचलली, त्यातून कागदात गुंडाळलेलं काळं जाकीट काढलं आणि वहीवर ठेवलं.

"तुमच्या मापाचं आनलंय. आत पांढरा शर्ट घाला. मालकाच्या बाजूला मीच बसनार हाय, घाबरू नका." तो वाकला आणि त्याने गुरुजींच्या पायांवर दोन्ही हात ठेवले, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "आज पाया पडून घेतो. उद्यापास्नं तिथं जमनार नाय. मी बार कॅप्टन ना. माझ्या हाताखालची पोरं बघतात. नि... तिथं मला सर म्हनायला लागंल."

गुरुजी जाकिटाच्या बटणांकडे बघत होते.

"हो, सर," ते म्हणाले.

आदेश उंबऱ्यातच थांबला. वळून म्हणाला, "मान वर करून, गुरुजी."