चाकाचे अकरा मैल

घसरगाडीमागं बांधलेलं मोजचाक अकरा मैल दाखवून थांबलं. मी सेक्स्टंटनं सूर्याची उंची मोजली, आकडेमोड दोनदा केली. किनारा कालच्यापेक्षा दोन मैल लांब गेला होता. आम्ही दक्षिणेला चालत होतो आणि समुद्रावर तरंगणारा बर्फ आम्हाला घेऊन उत्तरेला वाहत होता. फिरत्या जात्यावर मुंगी चालावी तसं. हिमदंशानं पायाची बोटं काळी पडलेला एलिफ सकाळीच म्हणाला होता, “आज दहा मैल झाले नाहीत, तर मला इथंच सोडून जा.” आता तंबूतून डोकावला, “किती झाले रे?” “अकरा.” “चाकाचे की सूर्याचे?” “दोन्हीचे.” “खोटं बोललास की तुझे कान लाल होतात, लेका.” “थंडीनं झालेत.” तो खोकला येईपर्यंत हसला. मग त्यानं आपला ओला बूट पुढ्यात ओढला आणि उद्याच्या चालीसाठी त्यात मूठमूठ कोरडं गवत भरायला घेतलं.