नुसता एम

दाताच्या दवाखान्यात नवा प्रोग्राम बसवला आणि बोर्डवर पेशंटच्या पूर्ण नावाऐवजी नुसतं पहिलं इंग्रजी अक्षर यायला लागलं. ‘एम’ उमटला, तसे दोघं एकदम उठले. एक निवृत्त बसड्रायव्हर, दुसऱ्या गाण्याच्या बाई.

“एम म्हणजे मी,” ड्रायव्हर म्हणाले.

“एम काय तुमच्या एकट्याच्या मालकीचा आहे?” बाईंनी विचारलं.

दोघांची जुंपली. प्रोग्रामर मुलगी धावत आली. नवा प्रोग्राम एकेका अक्षराला दोन घरं देऊन नाव पाठवत होता; इंग्रजी अक्षर पहिल्या घरात मावायचं, दुसरं रिकामंच राहायचं. बोर्डचा जुना प्रोग्राम एकेकच घर वाचायचा आणि रिकामं घर दिसलं की नाव संपलं असं समजायचा. तिने मधे नाव नीट बदलून देणाऱ्या दोन ओळी घातल्या. बोर्डवर पूर्ण नाव झळकलं. पण तोवर भांडण विसरून ते दोघं गप्पांत असे रंगले होते, की वर बघायचं भान कुणालाच नव्हतं.

पुढच्या आठवड्यात तिने फोन केला. “बोर्ड नीट चालतोय ना?”

“एकदम झकास,” रिसेप्शनिस्ट हसू दाबत म्हणाली. “फक्त ते दोघं अजून रोज येऊन बसतात. दातांचं काम दोघांचंही कधीच संपलंय.”