बारावी सुरी

खण अर्ध्यावर अडकला तो अडकलाच. संग्रहालयात जुन्या वस्तूंची डागडुजी करणं हे तिचं काम. तिने आधी मेण चोळलं, मग खणाशी गोड बोलून पाहिलं, शेवटी कपाटच पुढे ओढलं आणि मागची फळी उघडली. आतल्या खाचेतून एक सुरी टणकन खाली पडली. लोणी लावायची, चांदीची, पण काळी ठिक्कर पडलेली. मुठीवर जहाजाचा नांगर कोरलेला.

"अगं बाई!" म्हणत तिने सुरी उचलली.

कपाट एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या जेवणघरातलं होतं. जहाज भंगारात निघालं तेव्हा त्यातलं किडुकमिडुक या छोट्या संग्रहालयाच्या वाट्याला आलं. पलीकडच्या दालनात त्याच जहाजाची मखमली पेटी मांडलेली होती. खाचा बारा, तशाच नांगराच्या सुऱ्या अकरा. खाली पितळी पाटी: 'बारावी सुरी एका वाढप्याने चोरली.' त्या पेटीची काच ती सहा वर्षं रोज पुसत होती. तो वाढपी तिचा बाप होता, आणि हे तिने इथे कुणाला सांगितलं नव्हतं.

अडतीस वर्षांपूर्वी जहाजावर तीन दिवस चौकशी चालली. बाबांनी कबुलीवर सही केली आणि पुढच्या बंदरात त्यांना उतरवण्यात आलं. गल्लीत नाव पडलं, सुरीचोर. आई जन्मभर लोकांशी भांडली. "दमवून घेतलेली सही आहे ती. चोर सोडून संन्याशाला फाशी!" बाबा मात्र चकार शब्द काढत नसत. त्यांची एकच तऱ्हा होती. कुणाकडे जेवायला गेले की निघताना दारात थांबून सगळे खिसे उलटे करायचे. यजमान ओशाळून जायचे. घरी आल्यावर आई पोट धरधरून हसायची. "बरी जिरवली!" लेकीलाही बापाच्या या टोमण्याचा भारी अभिमान.

तिने फोन लावला. "बाबा, संग्रहालयात या. आत्ताच्या आत्ता."

"का गं? काही हरवलं का?"

"हरवलेलं सापडलंय. या तुम्ही."

बाबा तिथे पहिल्यांदाच आले, इस्त्रीचा सदरा घालून. सुरी पांढऱ्या कापडावर ठेवलेली होती. उजळायला दहा मिनिटंही लागली नसती, पण तिने मुद्दाम हात लावला नव्हता. तो काळेपणा हीच तर साक्ष होती. सगळं कळल्यावर प्रमुख बाईंनी स्वतः स्क्रू काढून पितळी पाटी उतरवली होती. पाटी हातात घेऊन त्या शेजारीच उभ्या होत्या. आज आई हवी होती, असं वाटून लेकीचे डोळे भरून आले.

"खणाच्या मागे फट आहे, बाबा. तिथून घसरली आणि अडकून बसली. कुणीच घेतली नव्हती."

बाबांनी चष्मा पुसला. वाकून सुरी पाहिली. कपाटाशी जाऊन ती फट पाहिली, बोट घालून पाहिलं. परत येऊन पुन्हा सुरी पाहिली.

"म्हणजे मी नव्हती घेतली?"

लेक हसली. चेष्टा करायची बाबांची ही जुनीच रीत, असं तिला वाटलं. "असं काय करता? आपल्याला माहीतच होतं की!"

"तीन दिवस सगळे सांगत होते, तूच घेतलीस," बाबा म्हणाले. "त्या रात्रीची आवराआवर मला काही केल्या आठवेना. म्हटलं, एवढे सगळे म्हणतायत तर घेतली असेन."

तिचं हसू विरलं. "आणि ते खिसे? तो टोमणा?"

"टोमणा कसला गं? मी खरंच बघायचो."