सरांचा होकार

"निवृत्तीला टेकलेला गाइड घेऊ नकोस, ऐन वेळी टांगून ठेवेल," तिचा नवरा हर्षद गाइड ठरवतानाच म्हणाला होता. निशिगंधाने ते हसण्यावारी नेलं. आता पीएचडीच्या कोर्सवर्कचे विषय आजच कळवायचे होते, त्याला गाइडचा होकार हवा होता आणि सकपाळ सर कालपासून फोन उचलत नव्हते. एरवी पहिल्या रिंगलाच विचारायचे, "मशीन लर्निंग घेतलंस की नाय गो?"

"माझं वर्ष जाईल, त्यांना काय त्याचं!" ती फणफणली.

पाळण्यात तिची तान्ही लेक अनुष्का बराच वेळ गप्प होती. निशिगंधाने धावत जाऊन तिच्या नाकाशी बोट धरलं. उबदार श्वास लागला आणि तिचा राग एकदम उतरला. तिने भराभर कॉलेजच्या ग्रुपवर लिहिलं, "नाते गावात कुणी आहे का? सकपाळ सर तिथे घरी एकटेच असतात, कालपासून फोन उचलत नाहीयेत. जरा दार वाजवून बघा ना."