झोंबू द्या

अंतिम सामना हरल्यावर कबड्डीच्या पोरी नेहमीप्रमाणे डॉक्टर किणीकरबाईंसमोर रांगेत उभ्या राहिल्या. बाईंनी कानामागे पट्टी चिकटवली की हरल्याची लाज, राग, रडू सगळं क्षणात निवायचं. पट्टी लावलेल्या पोरी हसत मिसळ खायला निघाल्याही होत्या.

चढाई करणाऱ्या कुंदा घोरपडेने मात्र बाईंचा हात झटकला.

“शेवटच्या चढाईत मी बोनस रेषेवर डावा पाय टाकला आणि त्यांच्या कोपऱ्यातल्या पोरीने घोटा धरला. गेल्या वर्षीच्या फायनललाही असंच झालं होतं ना?”

“हो. त्याच्या आदल्या वर्षीही,” बाई सहज म्हणाल्या. “आठवत नाही का तुला?”

“आठवतं, पण झोंबलंच नाही कधी! झोंबलं असतं तर वर्षभर त्याच पायावर मेहनत केली असती मी.”

“अगं, तुला त्रास होऊ नये म्हणून...”

“माझा त्रास आहे तो, बाई! तुम्ही कोण काढून घेणाऱ्या?”

डोळे पुसतच ती मॅटवर परतली.

“वैजू, मिसळ राहू दे!” ती मिसळीला निघालेल्या मैत्रिणीला ओरडली. “इकडे ये. माझा घोटा धर, आणि अजिबात सोडू नकोस.”