एकच नळी

सुचेताने फोटो पाहिला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

फोटोत नील होता, दोन्ही बाजूंना त्याचे आईवडील, मिल्का आणि जोएल. अन्वी आईला आपल्या होणाऱ्या सासरची माणसं दाखवत होती.

"हे लग्न होणार नाही," सुचेता म्हणाली. "कारण विचारू नकोस."

अन्वीने अर्थातच विचारलं. यांना ओळखतेस का? सुचेता नाही म्हणाली आणि सिंकपाशी जाऊन धुतलेलीच भांडी पुन्हा धुवायला लागली.

आईच्या घरून, स्लाऊहून केंब्रिजला परतताना ट्रेनमध्ये अन्वीने माहीत असलेलं सगळं एकापुढे एक मांडून पाहिलं. आई पूर्वी भायखळ्याच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती. बाबा अन्वीच्या जन्माआधीच गेले, असं ती सांगायची, पण घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. आणि जोएल त्याच सुमाराला औषध कंपनीची बॅग घेऊन भायखळ्यातली हॉस्पिटलं फिरत होते. हे त्यांनीच पहिल्या भेटीत हसत हसत सांगितलं होतं.

जोएल आपले वडील असतील, तर नील आपला भाऊ.

हे कुणाला विचारण्यासारखं नव्हतं. तपासण्यासारखं मात्र होतं.

तिच्याबरोबर शिकलेला यशोधन आता एका लॅबमध्ये होता. ऐकून तो हादरला. न सांगता कुणाचा डीएनए तपासणं या देशात गुन्हा आहे, नोकरी जाईल, असं त्याने दोनदा बजावलं. मग त्याने तिच्याच गालाच्या आतून कापूस फिरवून घेतला.

"वडील असतील तर तुझ्याशी प्रत्येक जागी अर्धे जुळतील," तो म्हणाला. "आई असो की बाप, हिशेब तोच. त्यांची लाळ कुठून आणणार?"

ते तिने ठरवलं होतं.

रविवारी ती नीलबरोबर त्याच्या आईवडिलांकडे एजवेअरला गेली. जोएल आणि मिल्का लग्नानंतर लगेच नोकरीसाठी ब्युनॉस आयर्सला गेले होते. नीलचा जन्म तिथलाच. लंडनला येताना त्यांनी तिथली एक सवय बरोबर आणली होती, येर्बा माटे हा कडू पानांचा चहा. ठाण्याला आमच्या वरच्या मजल्यावर माटे राहायचे, पण ते इतके कडू नव्हते, हा जोएलचा ठरलेला विनोद होता. नील त्या वाटेला जायचा नाही. तो आपली कॉफी घेऊन बसला. नाक मात्र त्याने थेट मिल्काचं घेतलं होतं.

मला शिकवा, असं अन्वी म्हणाली तेव्हा मिल्का खूश झाली. पानांचा डबा तिने चादरींच्या कपाटातून काढला. स्वयंपाकघरात ठेवला की पानांना मसाल्याचा वास लागतो, आणि उजेड, दमट हवा दोन्ही त्यांना सोसत नाहीत. वाळक्या भोपळ्याच्या पेल्यात तिने चुरा भरला, वर तळवा धरून पेला उलटा हलवला आणि चुरा एका बाजूला उतरता केला. आधी गार पाण्याने त्याला भिजू दिलं. मग तळाशी जाळी असलेली धातूची नळी आत रोवली. किटली गुणगुणायला लागताच बंद केली. पाणी उकळलं की चव मेली, म्हणाली. पेला नंतर साबण न लावता धुवायचा आणि आडवा वाळवायचा, नाहीतर बुरशी धरतो.

"पहिला पेला करणाऱ्याचा," असं म्हणत मिल्काने तो रिकामा केला. पुन्हा पाणी ओतून जोएलला दिला. त्यांचा झाल्यावर पुन्हा भरून अन्वीपुढे धरला. "आणि नळी हलवायची नाही, पुसायची नाही. इथे उष्टं-खरकटं काही नाही हं, बाळा."

अन्वीने नळीला ओठ टेकवले आणि प्यायल्यासारखं केलं.

वयाचा विषय निघाला तेव्हा नील म्हणाला, मम्मा, ती माझ्याहून मोठी आहे. मिल्का हसली. बरं झालं, तुला दटावणारं कुणीतरी हवंच होतं.

भांडी मी धुते, म्हणत अन्वी सिंकपाशी गेली. धुण्याआधी तिने नळीच्या तोंडाशी कापूस फिरवला आणि छोट्या कुपीत बंद केला. त्यात मिल्काचीही लाळ असणार, हे तिने धरलंच होतं. पुरुषाचा भाग वेगळा ओळखता येतो. बाईचा तिला नकोच होता.

पुढचे दिवस वाईट गेले. नीलने हात धरला की तिचा हात आपोआप मागे यायचा. शेवटी त्याने विचारलंच, तुला मी नको आहे का? कामाचं निमित्त काढून ती उठून गेली. लग्नाच्या हॉलवाल्यांनी तारीख शुक्रवारपर्यंत धरून ठेवली होती.

शुक्रवारी दुपारी नील लॅपटॉप उघडून तिच्याकडे बघत बसला असतानाच यशोधनचा फोन आला.

"जोएल तुझे वडील नाहीत," तो म्हणाला. "शंकाच नाही."

अन्वीने वाकून नीलच्या केसांत तोंड खुपसलं. "कर बुक," ती म्हणाली. त्याने बटण दाबलं आणि लगेच स्वतःचा फोन काढून आईला लावला. मम्मा, डेट मिळाली, असं तो ओरडून सांगत होता. पलीकडून मिल्काचं हसू इथपर्यंत ऐकू येत होतं.

"अन्वी, आहेस ना?" यशोधनचा आवाज खाली आला होता. "त्या नळीवर एका बाईचाही नमुना निघाला."

ते माहीत आहे, ती म्हणाली. शिवाय मीही ओठ लावले होते, माझाच असेल.

"तुझा नाही. तुझा असता तर पूर्ण जुळला असता," यशोधन म्हणाला. "हा प्रत्येक जागी अर्धा जुळतोय."